शेवटचा नग

माझ्या टेबलाच्या खणात एक पेन आहे. काळ्या डबीत, मखमलीच्या खाचेत आडवं ठेवलेलं. टोपणाच्या कडेला बारीक अक्षरांत कोरलंय : ४१७/१०००. म्हणजे अशी हजारच पेनं निघाली आणि त्यातलं हे चारशे सतरावं. घेऊन सहा वर्षं झाली. त्यात मी एकदाही शाई भरलेली नाही.

मागच्या महिन्यात भाचा राहायला आला होता. वय वर्षं नऊ, आणि खण उघडून बघायची भारी हौस. डबी उघडून पेन उजेडाकडे धरत त्यानं विचारलं, "मावशी, हे बिघडलंय का गं?"

"नाही रे, चांगलंय."

"मग तू त्या निळ्या पेनानं का लिहितेस?"

"हे जपून ठेवलंय."

"कशासाठी?"

त्यानं खोचून विचारलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणून तर तो उत्तराची वाट बघत उभा राहिला. 'आता मिळत नाहीत रे ही' असं काहीतरी म्हणून मी डबी मिटली. तो झोपल्यावर मात्र मी बराच वेळ त्या खणाशी बसून होते. 'आता मिळत नाही' हे एखादी वस्तू न वापरण्याचं कारण कसं झालं? आणि त्याही आधी, ती विकत घेण्याचं कारण कसं झालं?

घेतलं ती रात्र मला स्वच्छ आठवते. पेन घ्यायचं माझ्या मनातही नव्हतं. मोबाइलवर दुसरंच काही शोधताना ते समोर आलं. चित्राखाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'फक्त १२ शिल्लक'. निब कसली आहे, शाई कशी भरायची, एवढं वाचेपर्यंत १२ चे ९ झाले. मग ७. छातीत खरोखर धडधडायला लागलं. मला न दिसणारी पाच माणसं माझ्यासमोरून पेन घेऊन गेली होती आणि मी अजून वाचतच बसले होते. सहावर आकडा आला तेव्हा मी पैसे भरले. आज वाटतं, त्या दहा मिनिटांत मी पेन पाहतच नव्हते, आकडा पाहत होते. पेनाचा रंग नेमका कसा आहे हे मला डबी घरी आल्यावर कळलं.

डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये एक गोष्ट मांडली. काही मिळाल्याचा आनंद आणि तेवढंच काही गमावल्याचं दुःख, या दोन्हींचं वजन माणसाच्या मनात सारखं नसतं. गमावणं जास्त जड जातं. पण ते पेन माझ्याकडे नव्हतंच, मग मी काय गमावणार होते? उतरता आकडा नेमकी हीच करामत करतो. वस्तू हातात यायच्या आधीच तो ती आपली असल्यासारखी करून टाकतो, आणि मग एकेक करून काढून घ्यायला लागतो. 'हे घेऊ का?' हा प्रश्न मागे पडतो आणि त्याच्या जागी 'हे जाऊ देऊ का?' हा प्रश्न येऊन बसतो. एकच माणूस या दोन प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं देतो. त्या रात्री मला कुणी पहिला प्रश्न शांतपणे विचारला असता, तर मी 'नको' म्हटलं असतं.

या विषयावर जे काही वाचलं, त्यात एक प्रयोग माझ्या मनातून जात नाही. मानसशास्त्रज्ञ स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. प्रयोग अगदी साधा. काहींपुढे बिस्किटांची बरणी ठेवली, त्यात दहा बिस्किटं. काहींपुढच्या बरणीत दोनच. बिस्किटं तीच. एक खाऊन बघा आणि मत सांगा, एवढंच काम. दोनच बिस्किटं पाहिलेल्या लोकांना ती जास्त हवीशी वाटली, त्यांची किंमतही त्यांनी जास्त ठरवली. इथपर्यंत आपण कुणीही अंदाजानं सांगितलं असतं. पुढचं मात्र बारकाईनं बघण्यासारखं आहे. काही जणांना आधी दहाची बरणी दिली आणि नंतर ती नेऊन दोनची ठेवली. सुरुवातीपासून दोनच पाहणाऱ्यांपेक्षा या लोकांना ती बिस्किटं अधिक मोलाची वाटली. म्हणजे कमी असण्यापेक्षा कमी होत जाणं जास्त ओढ लावतं. आणि त्यातही, चुकून जास्त दिली होती म्हणून परत नेली असं कळण्यापेक्षा, दुसऱ्यांना हवी आहेत म्हणून नेली असं कळलं तेव्हा ती ओढ आणखी वाढली.

बारा, नऊ, सात. माझ्या पेनाखालचा आकडा ज्यानं कुणी रचला असेल, त्याला हे सगळं ठाऊक असावं.

पण मला त्या प्रयोगातली सगळ्यात मोलाची ओळ ही वाटत नाही. ज्यांना बिस्किटं जास्त हवीशी वाटली होती, त्यांनी ती चवीला जास्त चांगली आहेत असं मात्र म्हटलं नाही. चव तेवढीच राहिली. टंचाईनं हवंसं वाटणं वाढवलं, आवडणं वाढवलं नाही.

आपण बोलताना या दोन गोष्टी सर्रास एकत्र करतो. 'मला ते फार आवडलंय' म्हणतो आणि म्हणायचं असतं 'मला ते हवंय'. मेंदूत मात्र या दोन वाटा वेगळ्या आहेत. मिशिगन विद्यापीठातले मेंदूचे अभ्यासक केंट बेरिज यांनी अनेक वर्षं उंदरांवर काम करून हे दाखवलं. डोपामिन हे मेंदूतलं, ओढ लावणारं रसायन. ते जवळजवळ संपवलेले उंदीर समोरच्या अन्नाकडे वळतही नाहीत, उपाशी राहतात. पण त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी ठेवलं तर नेहमीसारखे ओठ चाटतात. गोडी कळते, हाव नसते. उलट बाजूही त्यांना दिसली : डोपामिनची यंत्रणा चेतवली की उंदीर जास्त खातात, पण चेहऱ्यावर सुखाची खूण मात्र वाढत नाही. हे वाचलं तेव्हा मला माझा खण आठवला. पेन हवं होतं, फार हवं होतं. आवडलं होतं का, हे मी कधी तपासलंच नव्हतं. ते तपासायला लिहून बघावं लागतं.

यावरून कुणी म्हणेल, माणूस मूर्खच म्हणायचा. मला तसं वाटत नाही. जे चांगलं असतं ते लवकर संपतं, हा अनुभव बहुतेक वेळा खराच ठरतो. सगळ्या वस्तूंची पारख करायला कुणाला वेळ आहे? रांग दिसली की तिथं काहीतरी बरं असणार असं धरून चालणं ही पिढ्यान्‌पिढ्यांनी शिकवलेली काटकसर आहे, विचाराची काटकसर. आणि दुर्मीळ वस्तूला मोल येणं हा तर अर्थशास्त्रातला जुना पेच. अ‍ॅडम स्मिथनं १७७६ मध्येच विचारून ठेवलं होतं की पाण्यावाचून जगता येत नाही तरी ते जवळपास फुकट, आणि हिऱ्याचा उपयोग जवळजवळ नाही तरी तो इतका महाग, असं का? पुढच्या शतकातल्या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर दिलं की किंमत वस्तूच्या एकूण उपयोगावर ठरत नाही, हाताशी आहे त्यात आणखी एक भर पडली तर तिचं काय मोल, यावर ठरते. पाणी भरपूर आहे म्हणून आणखी एक पेला स्वस्त.

आता त्याच हिऱ्याचं पुढं काय झालं ते पाहा. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिरे सापडत गेले आणि थोड्याच वर्षांत इतके निघाले की दुर्मीळ हा शब्द त्यांना लागू पडेना. खाणमालकांच्या लक्षात आलं, आपापसात चढाओढ करत सगळा माल बाजारात ओतला तर भाव कोसळतील. १८८८ मध्ये डी बिअर्स कंपनी उभी राहिली, खाणी एका छत्राखाली आल्या आणि पुढं कितीतरी दशकं हिरे बाजारात किती सोडायचे हे मुख्यतः एका टेबलावर ठरत राहिलं. ही झाली पुरवठ्याची बाजू. पण विकलेले हिरे घराघरांतून परत विकायला आले तर? १९४७ मध्ये एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात संस्थेतल्या फ्रान्सिस गेरेटी यांनी ओळ लिहिली, तिचा आशय : हिरा कायमचा असतो. ती ओळ प्रेमाबद्दल आहे असं मी कितीतरी वर्षं समजत होते. ती प्रेमाबद्दल आहेच, पण तिनं आणखी एक काम केलं. कायमची वस्तू कुणी विकायला काढत नाही. जगभरच्या कपाटांत पडलेला केवढा तरी साठा एका वाक्यानं बाजारापासून लांब राहिला. लिहिणारी बाई म्हणून मला त्या ओळीचं कौतुक वाटतं, आणि ते वाटतं याचा त्रासही होतो.

टंचाई अशी राखावी लागते, आणि कधी कधी जाळूनसुद्धा. बर्बेरी या ब्रिटिश कंपनीच्या अहवालातून २०१८ मध्ये बाहेर आलं की एका वर्षात २.८६ कोटी पौंडांचा न खपलेला माल तिनं नष्ट केला होता. स्वस्तात विकला तर नावाची किंमत उतरेल, ही त्यामागची भीती. ओरड झाली, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीनं ही पद्धत थांबवत असल्याचं जाहीर केलं. फ्रान्सनं २०२० मध्ये कायदाच केला की न खपलेल्या वस्तू अशा नष्ट करायच्या नाहीत. मला त्या जळालेल्या मालातल्या शिवणी दिसतात. कुणीतरी मान मोडून त्या घातल्या होत्या. त्या कपड्यात काही दोष नव्हता. त्याचा एकच गुन्हा होता, तो आणखी एक होता.

एक फोटो मात्र मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. अमेरिकेत नव्वदच्या दशकात बीनी बेबीज नावाच्या छोट्या मऊ खेळण्यांचं वेड पसरलं. पाचेक डॉलरचं खेळणं. ती बनवणारी टाय कंपनी दर दुकानाला मोजकाच माल देई आणि अधूनमधून एखादं खेळणं 'निवृत्त' झाल्याचं जाहीर करी. निवृत्त झालं की त्याचा भाव कित्येक पटींनी चढायचा. मोठी माणसं ती खेळणी भविष्याची ठेव म्हणून साठवू लागली, कानातलं लेबल दुमडू नये म्हणून प्लॅस्टिकची टोपणं लावू लागली. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या कोर्टात घटस्फोट झालेलं एक जोडपं जमिनीवर बसून, न्यायाधीशांसमोर, एक तुला एक मला अशी ती खेळणी वाटून घेत होतं. तोच हा फोटो. पुढे भाव कोसळले आणि बहुतेक खेळणी पाचेक डॉलरचीही उरली नाहीत. मला आकड्यांपेक्षा दुसरंच खुपतं. मूल मांडीवर घेऊन झोपेल म्हणून केलेली वस्तू, आणि ती मुलांच्या हाती लागू नये म्हणून जपलेली. खणातल्या पेनाचं आणि त्या खेळण्यांचं नातं मला सांगावं लागत नाही.

टंचाईच्या जाहिराती दोन सुरांत बोलतात. 'हातोहात संपतंय' हा एक सूर, 'मोजक्यांसाठीच' हा दुसरा. हार्वी लायबेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञानं १९५० मध्ये या दोन ओढींची फोड करून दाखवली. काही वस्तू इतरांकडे आहेत म्हणून हव्या असतात, काही इतरांकडे नाहीत म्हणून. ऐकायला एकमेकांच्या उलट. पण दोन्हींत वस्तू कुठे आहे? दोन्हीकडे आपण शेजारच्या माणसाकडे बघत असतो.

आणि मिळणार नाही असं म्हटलं की हट्ट सुटतोच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मायामी आणि आसपासच्या भागात फॉस्फेट असलेल्या साबणपावडरीवर बंदी आली, कारण त्यानं पाणी दूषित होत होतं. मायकेल मेझिस या संशोधकानं तिथल्या गृहिणींची मतं, बंदी नसलेल्या टॅम्पा शहरातल्या गृहिणींच्या मतांशी ताडून पाहिली. मायामीतल्या बायकांना फॉस्फेटची पावडर जास्त चांगली धुते असं वाटू लागलं होतं. पावडर तीच होती, फक्त निवडीचं दार बंद झालं होतं. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये याचा सिद्धान्तच मांडला होता : मोकळीक काढून घेतली की माणूस ती परत मिळवायला धडपडतो, आणि धडपडताना त्या वस्तूचं मोल वाढवून बसतो.

हे सगळं दुकानाच्या काचेपुरतं होतं तोवर निदान डोळ्यांनी बघता येत होतं. फळी रिकामी दिसायची. पडद्यावर फळी नसते, आकडा असतो, आणि आकडा कुणीही लिहू शकतं. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११,००० खरेदीच्या वेबसाइट संगणकाकडून चाळून घेतल्या. ग्राहकाला फशी पाडणाऱ्या रचनेची १,८१८ उदाहरणं त्यांना सापडली. काही ठिकाणी सवलत संपायचं घड्याळ शून्यावर येऊन पुन्हा सुरू होत होतं. काही ठिकाणी 'आत्ता इतके लोक हे पाहत आहेत' यातला आकडा कोडमध्ये चक्क यदृच्छेनं काढलेला होता. लोक नव्हतेच. माझ्यासमोरून पेन घेऊन गेलेली ती पाच माणसं होती की नव्हती, हे मला आता कधीच कळणार नाही.

युरोपीय संघानं २००५ च्या निर्देशातच, 'थोडाच वेळ मिळेल' असं खोटं सांगून ग्राहकाला विचार करायला वेळ न देणं बेकायदा ठरवलं. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ ला आलेल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत फसव्या रचनांचे तेरा प्रकार दिलेत आणि त्यांत पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे. तो पहिला असावा हे मला योग्य वाटतं. युरोपच्या त्या कलमात पैशांआधी वेळेचा विचार केलाय, हे मला फार आवडलं. फसवणुकीत पैसे नंतर जातात. आधी जाते ती तुलना करायची, कुणाला तरी विचारायची, रात्रभर झोपून सकाळी पुन्हा बघायची उसंत.

खरी टंचाई असते, आणि ती सांगणं ही सभ्यता आहे. प्रेक्षागृहात तीन खुर्च्या उरल्या असतील तर तसं सांगायलाच हवं. एखादा कारागीर महिन्याला चारच वस्तू घडवू शकत असेल, तर त्याचं 'पुढच्या महिन्यात या' हे वाक्य मी आदरानं ऐकते. तिथं माझी घाई त्याच्या कामाची नसते. खोट्या टंचाईला माझी घाईच लागते.

आणि ही घाई सगळ्यांना सारखी महाग पडत नाही. अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लइनाथन आणि मानसशास्त्रज्ञ एल्डर शफीर यांनी टंचाईचा विचार उलट बाजूनं केला, वस्तूच्या नव्हे तर माणसाकडच्या टंचाईचा. त्यांनी २०१३ मध्ये मांडलं की पैसा किंवा वेळ तोकडा पडला की मन त्या एका तुटीभोवतीच फिरत राहतं, आणि बाकीचा विचार करायला जागाच कमी उरते. आता खिशातली तूट आणि जाहिरातीतली तूट एकाच माणसाला एकाच दिवशी गाठतात असं धरा. ज्याच्याकडे पैसे आहेत तो 'शेवटचे काही नग' वाचून चुकला, तर त्याच्या खणात एक पेन पडून राहतं. माझं तेवढंच झालं. ज्याच्याकडे नाहीत त्याचं काय होतं, ते मी समोर बसून पाहिलंय, आणि खरं तर तेच सांगायचं होतं म्हणून हे सगळं लिहीत आले.

शिक्षण संपल्यावर माझी पहिली नोकरी फर्निचर विकणाऱ्या एका कंपनीत होती. सकाळी जाहिरातींचा मजकूर लिहायचा, दुपारनंतर फोन घ्यायचे. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलांची जाहिरात मीच लिहिली होती. 'त्वरा करा! शेवटचे काही नग शिल्लक.' वरिष्ठांनी सांगितलं आणि मी लिहिलं. मागच्या गोदामात ती टेबलं एकावर एक रचलेली होती, हे मला माहीत होतं. रोज जेवणाचा डबा घेऊन मी त्यांच्या शेजारूनच जायचे.

दुसऱ्या दिवशी एक फोन आला. आवाज चाळिशीतल्या माणसाचा, जरा दबलेला. "मॅडम, ते पेपरात आलेलं अभ्यासाचं टेबल, राहिलंय का?"

"आहे, पण मोजकीच राहिलीत."

"एक बाजूला ठेवाल का? मुलीसाठी हवंय. माझा पगार पाच तारखेला होतो."

ती अठ्ठावीस तारीख होती. अशा वेळी काय बोलायचं ते आम्हाला कागदावर लिहून दिलेलं होतं. मी ते वाचलं नाही, एव्हाना पाठ झालं होतं. "बाजूला नाही ठेवता येत हो. संपली की संपली."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तो म्हणाला, "बरं. बघतो काहीतरी."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या वेळेलाच तो दारात उभा होता. शर्टाच्या खिशात घडी घातलेल्या नोटा. "मेहुण्याकडून घेतले," त्यानं आपणहून सांगितलं, जणू मला खुलासा देणं भाग होतं. मी पावती फाडायला घेतली. तो नोटा मोजू लागला. तेवढ्यात गोदामाच्या दारातून तिथला मुलगा डोकावला आणि मोठ्यानं म्हणाला, "मॅडम, वरच्या थरातलं काढू का खालच्या? वरची सगळी धुळीनं भरलीयत."

नोटा मोजणारा हात थांबला. त्या माणसानं दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पावतीपुस्तकात बघत राहिले. तो काही बोलला नाही. कुठवर आलो होतो ते विसरल्यासारखं त्यानं नोटा एकत्र केल्या आणि पुन्हा पहिलीपासून मोजायला घेतल्या.